खाडीच्या गाळांतील डायाटम आणि शके १६२१ चा भूकंप

शके १६२१, प्रमाथी संवत्सर, माघ शुद्ध पक्ष. या सुमारास औरंगजेबाची फौज साताऱ्यास वेढा घालून बसली होती, किल्ल्यांत प्रयागजी प्रभु झुंजत होते, आणि छत्रपति राजाराम महाराजांचें सिंहगडावर देहावसान होण्यास अवघा दीड महिना उरला होता. त्या दिवसांसंबंधीं आपल्याकडील शकावल्या व मोंगली अखबार पुष्कळ सांगतात. त्याच पंधरवड्यांत पॅसिफिक महासागराच्या दोन्ही तीरांवर एक मोठा उत्पात झाला. जपानच्या तीरावर तो लिहून ठेवणारे लोक होते. परंतु त्याचें मूळ कोठें आहे हें त्यांस कळण्यासारखें नव्हतें. मूळ होतें तें समोरच्या उत्तर अमेरिकेच्या तीरावर; पण तेथें त्या काळीं लेखनकला नव्हती, आणि युरोपीयांची लेखी माहिती तेथें अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासूनच नियमित मिळूं लागते. सुमारें तीनशें वर्षांनीं या दोन तीरांच्या साक्षी एकत्र आणल्या गेल्या. त्या कामीं खाडीच्या गाळांत पुरलेल्या सूक्ष्म शैवलांच्या कवचांचा मोठा उपयोग झाला. हें साधन काय आहे, तें वाचतात कसें, आणि त्याच्या साक्षीवर भरंवसा किती ठेवावा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम कागद पाहूं. कारण आपल्या वाचकांस तेच अधिक परिचयाचे. जपानांत तेव्हां तोकुगावा शोगुनांची राजवट असून गेन्‌रोकु शकाचें बारावें वर्ष चालू होतें. त्या वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या आठव्या तिथीस मध्यरात्रीं ईशान्य किनाऱ्यावरील कुवागासाकी गांवीं समुद्र चढला. लोक उंचवट्यावर पळाले. लाटांनीं १३ घरें नेलीं आणि त्या गोंधळांत आग लागून आणखी २० घरें जळालीं. ही खबर मोरिओका येथील मांडलिक संस्थानच्या कचेरींत गेली व तेथील रोजनिशींत नोंदली गेली. जवळच्याच त्सुगारुइशी गांवच्या एका व्यापारी घराण्याच्या वहींतहि ती आहे. दक्षिणेकडे नाकामिनातो बंदराबाहेर तांदुळानें भरलेलें एक जहाज लाटांमुळें आंत येऊं शकलें नाहीं व बुडालें. त्यासंबंधीं झालेल्या चौकशीचा कागद उपलब्ध आहे. तानाबे येथें सरकारी कोठारांत पाणी शिरलें. मिहो गांवच्या पाटलाची टिपण तर फारच बोलकी आहे. समुद्र वारंवार चढतो व उतरतो हें पाहून त्यानें म्हाताऱ्यांस व मुलांस देवालयाकडे पाठविलें. आणि भूकंप मुळींच जाणवला नसतां समुद्रानें असें कां करावें, याचें आश्चर्य त्यानें लिहून ठेविलें.

हे सर्व कागद प्रसंगाच्या वेळचे, परस्परांपासून स्वतंत्र, आणि निरनिराळ्या हेतूंनीं लिहिलेले आहेत. कचेरीस नुकसानीचा हिशेब हवा होता, जहाजवाल्यास जबाबदारी टाळावयाची होती, पाटलास आपण काय व्यवस्था केली हें सांगावयाचें होतें. एकाचें पाहून दुसऱ्यानें लिहिलें असें म्हणण्यास जागा नाहीं. बखर व अस्सल कागद यांतील भेद ज्यांस ठाऊक आहे त्यांस या पुराव्याची प्रत वेगळी सांगावयास नको.

तिथीविषयीं एक खुलासा येथेंच करतों. ग्रेगरी गणनेनें ही तारीख २७ जानेवारी १७०० होय. मुंबई व सुरत येथील इंग्रज वखारवाले त्या वेळीं जुनी ज्यूलियन गणना चालवीत. त्यांच्या हिशेबीं तीच तारीख १७ जानेवारी. राजाराम महाराजांच्या निधनाची जी २ मार्च १७०० ही तारीख आपण देतों ती याच जुन्या गणनेची आहे. तिची जपानी कागदांच्या रूढ तारखेशीं थेट तुलना केल्यास अकरा दिवसांची चूक पडेल. चांद्रमासानें मोजल्यास मात्र घोटाळा होत नाहीं. जपानी आठवी तिथि म्हणजे आपली माघ शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासचीच रात्र.

जपानांत जुन्या भूकंपांचे उल्लेख संकलित करण्याचें काम फार आस्थेनें झालेलें आहे. मुशा किन्‌किची यांचे इ. स. १९४१ ते १९४३ या काळांतील जाडजूड खंड त्या कामाचा उत्तम नमुना होत. अशा संकलनांतून गेन्‌रोकु १२ ची ही लाट संशोधकांपुढें आली. समुद्रांत भूकंप झाला म्हणजे त्सुनामी उठते, हा त्यांचा नेहमींचा अनुभव. येथें लाट होती, पण तिचा जनक भूकंप कोठें सांपडेना. म्हणून तिला ‘अनाथ त्सुनामी’ असें नांव पडलें. लाट दूरदेशाहून येऊं शकते याचा कटु अनुभव जपानास इ. स. १९६० मध्यें आला. त्या वर्षीं २२ मे रोजीं दक्षिण अमेरिकेंत चिली येथें भूकंप झाला आणि त्याची लाट सुमारें एक दिवसानें जपानी किनाऱ्यावर आदळून शंभरांहून अधिक माणसें मेलीं. तेव्हां १७०० ची लाटहि महासागर ओलांडून आली असावी हा तर्क सयुक्तिक ठरला. परंतु कोणत्या किनाऱ्यावरून? चिली व पेरू येथें स्पॅनिश अंमल असल्यामुळें तेथील मोठे भूकंप लिहिले जात, आणि त्या तारखेस तेथें तशी नोंद नाहीं. उरला तो उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा. तेथें कागद नव्हता, चिखल होता.

या किनाऱ्यास कॅस्केडिया म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून व्हँकूव्हर बेटापर्यंत सुमारें हजार किलोमीटर लांबीच्या पट्ट्यांत समुद्रतळाचा एक खंड भूखंडाखालीं सरकत आहे. अशा ठिकाणीं जगांत इतरत्र प्रचंड भूकंप झालेले आहेत. येथें मात्र लेखी इतिहासाच्या काळांत एकहि तसा झाला नव्हता. म्हणून हा पट्टा निरुपद्रवी आहे असें कित्येक विद्वान् मानीत. इतिहास केवळ दोनशें वर्षांचा असतां त्यावरून कायमचें अभय गृहीत धरणें हें धाडसच होतें. पण पुराव्यावांचून उलट म्हणणेंहि तितकेंच कठीण होतें. इ. स. १९८७ मध्यें अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यांतील ब्रायन ॲटवॉटर यांनीं वॉशिंग्टन संस्थानच्या खाड्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. ओहोटीच्या वेळीं खाडीचे काठ उघडे पडतात, त्यांत त्यांस एकच क्रम पुनःपुन्हा दिसला: खालीं गवत व झाडांचीं मुळें असलेली काळी माती, कित्येक ठिकाणीं तिच्यावर वाळूचा पातळ थर, आणि त्यावर करडा चिखल. माती जेथें संपते व चिखल सुरू होतो ती रेघ सुरीनें कापल्यासारखी स्पष्ट. सुकी जमीन एकाएकीं खचून भरतीच्या पाण्याखालीं गेली, असा त्यांनीं अर्थ लाविला.

अर्थ लाविला खरा, पण डोळ्यांस दिसणाऱ्या रंगावरून लाविलेला अर्थ म्हणजे कागदाच्या जीर्णपणावरून लाविलेलें त्याचें वय. अक्षर वाचलें पाहिजे. तें अक्षर म्हणजे डायाटम.

डायाटम ही एकपेशीय शैवलांची जाति आहे. मराठींत तीस करंडक वनस्पति असेंहि म्हणतात, आणि हें नांव अन्वर्थक आहे. या वनस्पतीचें कवच गारेच्या द्रव्याचें, म्हणजे सिलिकेचें असून तें करंड्याप्रमाणें दोन दलांचें असतें; एक दल दुसऱ्यावर झांकणासारखें बसतें. आकार बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापासून दहाव्या हिश्शापर्यंत. कोणी होडीसारखी, कोणी चक्रासारखी, कोणी सुईसारखी. आणि प्रत्येक जातीच्या कवचावरील रेघांची व छिद्रांची नक्षी निराळी. वनस्पति मेली तरी कवच कुजत नाहीं. तें तळाशीं बसतें व गाळाबरोबर पुरलें जातें. बर्लिनचे एरेनबर्ग (१७९५–१८७६) यांनीं गेल्याच्या मागील शतकांत अशा कवचांचा प्रचंड संग्रह करून त्यांचीं चित्रें छापलीं. डार्विननें आपल्या समुद्रपर्यटनांत जमविलेली धूळहि तपासण्यासाठीं त्यांच्याकडेच गेली होती. कांहीं ठिकाणीं हीं कवचें इतकीं सांचलेलीं असतात कीं त्यांची खाण चालते. नोबेलनें आपल्या सुरुंगाच्या दारूंत जी पांढरी माती मिसळली ती हीच.

इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, प्रत्येक जातीस आपलें पाणी ठरलेलें लागतें. युनोशिया व पिन्युलारिया या गणांतील बहुतेक जाति गोड्या पाण्यांतल्या. हान्ट्झशिया ॲम्फिऑक्सिस ही ओलसर मातींतहि राहते. पॅरालिया सुल्काटा ही खाऱ्या पाण्याची. कोणी वाळूच्या कणास चिकटून राहते, कोणी चिखलावर सरपटते, कोणी पाण्यांत तरंगते. कोल्बे यांनीं इ. स. १९२७ मध्यें क्षारतेप्रमाणें या जातींची वर्गवारी लाविली, ती थोड्याफार फेरफारानें अद्याप वापरांत आहे. बाल्टिक समुद्राचा पूर्वेतिहास या साधनानें पुष्कळ उलगडला. आज खारट असलेला तो जलाशय सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं गोड्या पाण्याचें सरोवर होता, ही गोष्ट शंखशिंपल्यांबरोबर डायाटमांनींहि सांगितली. तेथील बदल हळूहळू झाले. कॅस्केडियाचा प्रश्न निराळा होता: बदल किती झाला यापेक्षां किती झटकन झाला, हें तेथें ठरवावयाचें होतें.

वाचन करण्याची रीत अशी. काठावरून किंवा नळी खुपसून गाळाचा उभा तुकडा काढतात व त्याचे लहान लहान थर अलग करतात. संशयित रेघेच्या वर-खालीं तर अगदी जवळजवळचे नमुने घेतात. प्रत्येक नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडांत तापवून त्यांतील कुजका पाला जाळून टाकतात व अम्लानें चुन्याचा अंश काढतात. राहिलेली कवचें धुवून पातळ काचेवर वाळवितात आणि राळेसारख्या एका पदार्थांत बसवितात. हा पदार्थ प्रकाशाचें वक्रीभवन पुष्कळ करणारा असावा लागतो. नाहीं तर कांचेंत गारेचें कवच दिसतच नाहीं, पाण्यांत स्फटिक ठेवावा तसें होतें. मग हजारपट मोठें दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक दल ओळखून मोजावयाचें. एका नमुन्यांत तीन-चारशें दलें मोजण्याचा प्रघात आहे. अशा मोजणीवर दिवसच्या दिवस जातात. ज्यांनीं मोडीचे रुमाल चाळले आहेत त्यांस हा धंदा ओळखीचा वाटेल.

मोजणीपूर्वीं आणखी एक काम असतें, आणि तें टाळलें तर पुढील सर्व व्यर्थ. त्याच खाडींत आज कोणत्या उंचीवर कोणत्या जाति राहतात हें पाहून ठेवावें लागतें. भरतीच्या सर्वोच्च रेषेजवळ कोण, तिच्याखालच्या गवतांत कोण, उघड्या चिखलांत कोण, याची यादी हातीं असेल तरच पुरलेल्या थराची जुनी उंची सांगतां येते.

वॉशिंग्टनच्या विलापा उपसागरास मिळणारी नियावियाकम नांवाची लहानशी खाडी आहे. तेथील चार ठिकाणच्या थरांचें वाचन आयलीन हेम्फिल-हेली यांनीं केलें व इ. स. १९९५ मध्यें प्रसिद्ध केलें. पुरलेल्या काळ्या मातींत त्यांस सर्वोच्च भरतीजवळच्या किंवा तिच्याहि वरच्या जमिनीवरील जाति मिळाल्या. लागूनच वरच्या चिखलांत उघड्या चिखलवटीच्या, म्हणजे रोज दोनदां पाण्याखालीं जाणाऱ्या जागेच्या जाति. मधल्या पायऱ्या नाहींत. समुद्र सावकाश चढला असता तर उंच दलदल, मग सखल दलदल, मग चिखलवट असा उतरता क्रम थरांत दिसला असता, तो नाहीं. त्याच्या उलट, चिखलांत वर वर जावें तसतशा दलदलीच्या जाति पुन्हा क्रमानें येतात, म्हणजे खचलेली जमीन गाळानें भरून हळूहळू पूर्वीच्या उंचीवर आली. या फरकावरून जमीन कमींत कमी ०.८ ते १ मीटर व फार तर सुमारें ३ मीटर खचली असावी असा त्यांनीं अंदाज केला. मर्यादा रुंद आहेत. पण त्या उघड सांगितल्या आहेत, हें आम्हांस विशेष वाटतें.

आणि मधली वाळू? तींतील डायाटम ना मातीचे, ना वरच्या चिखलाचे. ते उपसागराच्या वाळवटीवर राहणारे, वाळूच्या कणांस चिकटणारे. म्हणजे जमीन खचतांच उपसागराकडून पाण्याचा लोंढा खाडींत वर चढला व आपल्याबरोबर तेथील वाळू घेऊन आला. पुढें याच विदुषींनीं दाखविलें कीं वाळूचा थर जेथें संपतो त्याच्याहि पलीकडे, आंतल्या बाजूस, समुद्री डायाटम सांपडतात. वाळू जड म्हणून वाटेंत खालीं बसली. कवचें पाण्याबरोबर शेवटपर्यंत गेलीं. लोंढ्याची हद्द ठरविण्यास अशा रीतीनें वाळूहून कवचेंच अधिक भरंवशाचीं ठरलीं.

आतां आक्षेप. हस्तलिखितांत प्रक्षेप असतात तसे गाळांतहि असतात. भरतीचें पाणी समुद्री कवचें नित्य आंत आणीत असतें. म्हणून थरांत सांपडलेली प्रत्येक जाति तेथेंच जगली असें म्हणतां येत नाहीं. येथें कवचांची स्थिति उपयोगी पडते. दोन्ही दलें जोडलेलीं, अखंड कवचें बहुधा स्थानिक. मोडलेलीं, झिजलेलीं कवचें बहुधा वाहून आलेलीं. दुसरें असें कीं, पातळ कवचें विरघळतात व जाड टिकतात. पॅरालिया सुल्काटाचें कवच भक्कम असल्यामुळें ती जाति पुष्कळदां वाजवीपेक्षां अधिक संख्येनें दिसते. ज्या घराण्याची दफ्तरें आगींतून वांचलीं त्याचाच पराक्रम इतिहासांत मोठा दिसतो, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरा आक्षेप वादळाचा. वादळहि वाळू आणतें. खरें आहे, एका वाळूच्या थरावरून त्सुनामी सिद्ध करणारा मनुष्य एका सुट्या पत्रावरून लढाई ठरविणाऱ्याच्या पंक्तीस बसेल. परंतु वादळ ओसरल्यावर जमीन आपल्या उंचीवरच राहते आणि दलदलीच्या जाति परत येतात. नियावियाकम येथें वाळूनंतर चिखलवटच आली व दीर्घकाळ राहिली. शिवाय अलास्कांत २७ मार्च १९६४ रोजीं मोठा भूकंप झाला तेव्हां पोर्टेज येथें जमीन सुमारें दोन मीटर खचून तेथील झाडें खाऱ्या पाण्यानें जागच्या जागीं मेलीं व त्यांच्या बुंध्याभोंवतीं चिखल सांचला, हें सर्व लोकांच्या डोळ्यांदेखत घडलेलें आहे. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचें तर १६ जून १८१९ च्या कच्छच्या भूकंपांत सिंद्रीचा किल्ला व भोंवतालचा रणाचा भाग खचून पाण्याखालीं गेला, तें देतां येईल.

कॅस्केडियांतहि असे मेलेल्या झाडांचे सांगाडे उभे आहेत. कोपालिस नदीकांठच्या तांबड्या सीडर वृक्षांचीं खोडें आज तीन शतकांनंतरहि चिखलांत उभीं आहेत. कार्बनच्या किरणोत्सर्गावरून काल काढला असतां उत्पात इ. स. १७०० च्या मागेंपुढें कांहीं दशकांत झाला, एवढेंच निघे. ही बातमी जपानांत गेली तेव्हां केन्‌जी साताके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अनाथ लाटेचे कागद पुढें आणले. इ. स. १९९६ त त्यांनीं गणित मांडलें: लाटेस महासागर ओलांडण्यास सुमारें दहा तास लागतात, म्हणून भूकंप अमेरिकेंतील स्थानिक वेळेप्रमाणें २६ जानेवारी १७०० रोजीं रात्रीं नऊच्या सुमारास झाला असला पाहिजे. कॅस्केडियांत सायंकाळ उलटलेली असतां जपानांत दुसऱ्या दिवसाची दुपार असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तारखांतील तफावत उलगडते. जपानांत लाटेची उंची निरनिराळ्या ठिकाणीं १ ते ५ मीटर धरून भूकंपाचें मान ९ च्या आसपास येतें.

विधान इतकें नेमकें होतें कीं तें खोटें ठरविणें सोपें होतें. सीडरच्या उभ्या खोडांची साल व बाहेरचीं वलयें झडून गेलीं होतीं. त्यांवरून मृत्यूचें नक्की वर्ष निघेना. तेव्हां डेव्हिड यामागुची, ॲटवॉटर व त्यांच्या सोबत्यांनीं चिखलाखालीं दबलेलीं मुळें खणून काढलीं, कारण तेथें साल शाबूत होती. शेवटचें पूर्ण वलय इ. स. १६९९ चें निघालें. झाडें १६९९ च्या वाढीचा हंगाम संपल्यावर आणि १७०० चा सुरू होण्यापूर्वीं मेलीं होतीं. हा निष्कर्ष १९९७ त प्रसिद्ध झाला. व्हँकूव्हर बेटावरील पाचीना उपसागराकडील मूळ रहिवाश्यांत, हिंवाळ्यांतील एका रात्रीं भूकंप होऊन समुद्रानें सबंध गांव नेल्याची परंपरागत कथा आहे. तिला या जोडीवांचून तारीख देतां आली नसती.

या शोधाची किंमत केवळ विद्वत्तेची नाहीं. सिअ‍ॅटल, पोर्टलंड, व्हँकूव्हर हीं मोठीं शहरें या पट्ट्याच्या आश्रयास आहेत, आणि तेथील इमारतींचे नियम या पुराव्यानंतर कडक करण्यांत आले. विलापा उपसागरांत खालीं आणखी पुरलेल्या माती आहेत. त्यांच्या वाचनावरून गेल्या सुमारें साडेतीन हजार वर्षांत असे सात उत्पात झाले असावेत असें ॲटवॉटर व हेम्फिल-हेली यांनीं १९९७ त मांडलें. सरासरी अंतर सुमारें पांचशें वर्षांचें, पण अंतरें सारखीं नाहींत. म्हणून पुढील तारीख सांगण्याच्या भरीस कोणी जाणता मनुष्य पडत नाहीं.

आपल्या किनाऱ्यासंबंधीं थोडेंसें. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती. कॅस्केडियासारखी खचती जमीन मात्र कोकणांत नाहीं, आणि तेथील निष्कर्ष येथें जसेच्या तसे लावणें चूक होईल. तथापि हें साधन भूकंपापुरतेंच नाहीं. खारभूमीचा बांध फुटून खारें पाणी भातशेतांत शिरलें व कांहीं वर्षें तसेंच राहिलें, तर त्या जमिनींत गोड्या पाण्याच्या कवचांमध्यें खाऱ्या कवचांचा थर राहावयास हवा. पेण-अलिबागकडील शिलोत्री जमिनींचे कागद, बांधबंदिस्तीचे कौल, खारें पाणी शिरल्यामुळें मागितलेल्या सुटीचे अर्ज, गोव्यांतील गांवकऱ्यांच्या खाजनांचे हिशेब यांत अशा प्रसंगांचीं वर्षें सांपडण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं मजकूर क्षुल्लक समजून वगळूं नये. गांव, खाराचें नांव, बांध कोणत्या बाजूस फुटला, जमीन किती वर्षें पडीत राहिली, आणि मूळ तिथि, इतकीं कलमें जशींच्या तशीं उतरून प्रसिद्ध करावीं. कोणत्या शेतांत नळी खुपसावी हें गाळ वाचणाऱ्यास त्यावरून कळेल.